पिक्चर बघताना घशात आवंढा का येतो, आणि आपल्या शॉर्ट फिल्ममध्ये तो कसा आणायचा

कॉलेजच्या फेस्टिव्हलचा सिझन आला की ठाण्यातल्या निम्म्या पोरांकडे एकच स्क्रिप्ट असते. म्हातारे आईबाप, परदेशातला मुलगा, उपवनच्या तलावाकाठी एकटेच बसलेले आजोबा, मागे बासरी, आणि शेवटी काळ्या स्क्रीनवर "सर्व आईबाबांना समर्पित". स्क्रीनिंगला टीमचे स्वतःचे आईबाबा सोडले तर कोणाच्या डोळ्यात टिपूस नाही, आणि मग बाहेर चहा पिताना पोरं म्हणतात ऑडियन्सला कळलंच नाही. अरे ऑडियन्सला पहिल्या मिनिटात सगळं कळलेलं असतं, लोकांनी स्वतःहून काही ओळखावं असं तुम्ही ठेवलेलंच नसतं त्यात.

मी एडिटिंग करतो, पोट लग्नाच्या व्हिडिओंवर चालतं आणि मधेमधे पोरांच्या शॉर्ट फिल्म येतात. लग्नाच्या फुटेजमध्ये एक गोष्ट हमखास दिसते. पाठवणीला नवरी रडतेय, आई रडतेय, मावशी तर कॅमेरा बघून जास्तच रडतेय, आणि मागे कोपऱ्यात नवरीचा बाप केटररवाल्याशी उरलेल्या जिलब्यांचा हिशोब करत उभा असतो, एकदाही वळून बघत नाही. फायनल कॉपी घ्यायला घरचे येतात तेव्हा त्या शॉटला सगळे गप्प होतात. नवरीच्या रडण्याला नाही होत. तर माझं म्हणणं एवढंच आहे की पडद्यावरचा माणूस स्वतःला सावरत असला पाहिजे, आणि तो काय सावरतोय हे फक्त आपल्याला माहीत असलं पाहिजे. ते जमवायचं कसं ते एक मनातली गोष्ट घेऊन सांगतो, नुसती थिअरी सांगितली की तुम्ही मान डोलवता आणि परत बासरी लावता.

समजा बाप माथाडी कामगार आहे, घणसोलीला राहतो, वाशीच्या मार्केटमध्ये दाणाबंदरात गोण्या उचलतो. मुलगी ऐरोलीला आयटी पार्कमध्ये नुकतीच नोकरीला लागलीय. एक दिवस ती डबा विसरते आणि बाप तो द्यायला जातो. बस, एवढीच गोष्ट, सात-आठ मिनिटांची.

आता पहिलं काम, बापाला काय हवंय ते ठरवा. पोरांना विचारलं की उत्तर येतं "मुलीचं प्रेम" किंवा "सन्मान". हे शूट कसं करणार? डोळ्यांनी दिसेल असं काहीतरी हवं. आदल्या रात्री जेवताना मुलगी सहज बोलून जाते की माझ्या खुर्चीवरून खाडी दिसते, सीझनला फ्लेमिंगो पण दिसतात म्हणे. बाप विचारतो, कितवा मजला? सातवा. आणि परत भाकरी मोडायला लागतो. म्हणजे त्याला ती खुर्ची बघायचीय, तिथून खाडी बघायचीय. हे तो पूर्ण फिल्ममध्ये एकदाही बोलत नाही, बोलला की मेलं. पण दुसऱ्या दिवशी गेटबाहेर उभा राहून तो मान वर करतो आणि बोटाने मजले मोजतो, तेव्हा बघणाऱ्याला बरोब्बर कळतं.

दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, कोणाला काय माहितीये याचा हिशोब कागदावर मांडा. २००४ चा श्वास पिक्चर आठवा. ऑपरेशन केलं तर पोरगा वाचेल पण दृष्टी जाईल, हे आपल्याला आधीच माहीत असतं. त्यामुळे आजोबा त्याला हॉस्पिटलमधून बाहेर काढून शहर दाखवायला नेतात तेव्हा तो पोरगा मजेत इकडेतिकडे बघतो आणि थिएटरमध्ये आपली वाट लागते. समोर चाललंय काय तर एक मुलगा फिरतोय. हीच गंमत माहिती उलटसुलट केली तर गेली. आधी फिरणं आणि मग शेवटी डॉक्टर सांगतो की दृष्टी जाणार, असं दाखवलं असतं तर धक्का बसला असता फक्त, आणि धक्का पार्किंगमध्ये गाडी काढेपर्यंत विरतो.

आपल्या गोष्टीत काय करायचं? बापाने डबा द्यायला जायच्या आधी त्याचा एक फोन दाखवायचा. टोळीच्या मुकादमाला सांगतोय, आज नाय जमणार, पाय धरलाय. पाय ठणठणीत आहे. फोन ठेवून तो कपाटातून पांढरा इस्त्रीचा शर्ट काढतो, गावी लग्नाला जाताना घालतो तो. (इथे प्लीज फाटका शर्ट नको. गरीब माणूस फाटका शर्ट घालून मुलीच्या ऑफिसला जातो हे फक्त शॉर्ट फिल्ममध्येच बघितलंय मी, आमच्या इथे माथाडी माणूस बाहेर पडताना तुमच्या दिग्दर्शकापेक्षा कडक दिसतो.) मग ट्रान्सहार्बरची, म्हणजे ठाणे-नवी मुंबई लोकलची गाडी पकडून ऐरोली. गेटवर सिक्युरिटीवाला म्हणतो, काका डबा इथेच ठेवा, वर सोडत नाहीत, मी मॅडमना कळवतो. आणि बाप म्हणतो, "बरं झालं, मला पण मार्केटला जायची घाईच होती."

हे वाक्य चांगलं आहे म्हणून लागत नाही, साधंच आहे. त्याने हजेरी बुडवलीय हे आपल्याला माहितीये, म्हणून लागतं. तो फोन काढून टाका, वाक्य तेच ठेवा, काही होणार नाही, करून बघा. सिक्युरिटीवाल्याला व्हिलन पण करू नका, तो बिचारा नोकरी करतोय, उलट तो पाणी विचारतो असं दाखवा. कोणावर राग काढायची सोय असली की लोक रागवून मोकळे होतात.

गेटवर रजिस्टर असतं ना, त्याच्यावर वेळ घालवा, फिल्मचा मधला भाग तोच आहे. नाव, वेळ, कुठून आलात, कोणाला भेटायचंय, काम. वरच्या सगळ्या ओळी इंग्लिशमध्ये, कुठल्या कुठल्या कंपन्यांची नावं. बाप चष्मा लावतो, दोरीला बांधलेलं पेन घेतो, त्याचा हात जाड, पेन बारीक, आणि "काम" च्या खाली मराठीत लिहितो "डबा". दोन सेकंद थांबतो. मग बाजूला अजून काहीतरी लिहावं असं त्याला वाटतं, पण चौकोन संपलेला असतो. हे क्लोजअपमध्ये, कट न मारता, हाताचं घ्या. चेहरा दाखवायचा मोह होईल, आवरा.

ॲक्टरला इथे काय सांगायचं? "दुःखी हो" असं सांगितलं तर मेलात. आपल्याकडे बरेच काका एकांकिका करून आलेले असतात, ठाण्याच्या गडकरी नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायची सवय, आणि तुमचा कॅमेरा तीन फुटांवर आहे. त्यांना भावना देऊ नका, काम द्या. अक्षर चौकोनाच्या बाहेर जाऊ देऊ नका, शर्टाला शाई लागू देऊ नका, मागे रांगेत माणूस उभा आहे त्याला उशीर होतोय. एवढ्यात गुंतला की चेहऱ्यावर जे येतं ते खरं येतं. फँड्री पिक्चरमध्ये डुकरामागे धावणारं कुटुंब शाळेतून राष्ट्रगीत ऐकू आल्यावर जागच्या जागी ताठ उभं राहतं आणि डुक्कर समोरून निघून जातं, कोणी रडत नाही ओरडत नाही, ते फक्त उभे राहतात. आधी हसायला येतं, आणि मग आपण हसलो याचंच कसंतरी वाटायला लागतं.

हसण्यावरून आठवलं. पहिल्या दोन मिनिटांत लोकांना एकदा तरी हसवा. सुरुवातीपासून सुतकी तोंडं दाखवलीत तर माणूस खुर्चीत सावध होऊन बसतो की हे आता मला रडवणार, आणि मग तो अजिबात हलत नाही. इथे आपली सुतळी येते. बाप आयुष्यभर गोण्या शिवत आलाय, दाभण आणि सुतळी हे त्याचं रोजचं, त्यामुळे घरातला डबा सांडू नये म्हणून तोच बांधतो, गोणीला मारतात तसली गाठ. मुलीला ती कधीच सुटत नाही. ती रोज कात्रीने कापते, आई ओरडते सुतळी काय फुकट येते का, बाप म्हणतो ऑफिसात कॉम्प्युटर चालवते आणि गाठ सुटत नाही. छान विनोदी सीन. प्रेक्षक हसून पुढे जातो, त्याला वाटतही नाही की आपल्याला काही दिलंय. वस्तू पहिल्यांदा दाखवताना अशीच दाखवायची. त्या डब्यावर स्लो मोशन, मागे पियानो, असं केलंत की सगळ्यांना कळलं हा डबा शेवटी येणार.

मग शेवटी ऑफिसबॉय डबा तिच्या टेबलावर आणून ठेवतो, खाली कोणीतरी देऊन गेलं. ती गाठ बघते. बाजूला पेनस्टँडमध्ये कात्री आहे, ती आपण आधी दाखवलीय. ती नखांनी गाठ सोडवायला लागते. मागे काचेतून खाडी. संपली फिल्म. गाठ सुटेपर्यंत सुद्धा थांबू नका. पोरांना इथे अजून एक सीन हवा असतो, ती धावत खाली जाते, बाप स्टेशनकडे चाललाय, "बाबा!" अशी हाक, मिठी. तुम्हाला घालायचाच असेल तर शूट करा, एडिटला लावून बघा आणि काढा, म्हणजे टीममधली भांडणं पण मिटतील.

एडिटचं थोडं. रशियात १९२० च्या आसपास लेव्ह कुलेशोव नावाच्या दिग्दर्शकाने एक प्रयोग केला होता, एकाच नटाचा एकच निर्विकार चेहरा, त्याच्या पुढे एकदा सूपची वाटी लावली, एकदा शवपेटी, एकदा बाई. बघणारे म्हणाले काय भूक दाखवलीय, काय दुःख दाखवलंय. चेहरा तोच होता. म्हणजे तुमच्या काकांचा वर बघणारा साधा चेहरा आणि त्याच्यापुढे सातव्या मजल्याची काच एवढं लावलं तरी बाकीचं बघणारा स्वतः भरतो. त्यामुळे शूटिंगला प्रत्येक टेकनंतर "कट" ओरडायची घाई करू नका, कॅमेरा दहा सेकंद चालू ठेवा, डायलॉग संपल्यावर माणूस जसा सैल पडतो ना, माझे बरेचसे चांगले शॉट त्या शेपटीतून निघालेत. आणि बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याच्या तोंडावर जास्त राहा.

साउंडला लोक सगळ्यात शेवटी हात घालतात. सैराटच्या शेवटी ते लहान पोर रक्तात पाय माखून बाहेर येतं तेव्हा आवाजच नाहीये, ज्या पिक्चरच्या गाण्यांवर अख्खा महाराष्ट्र नाचला त्या पिक्चरने शेवटी आवाज बंद केला. आधी एवढी गाणी होती म्हणून ती शांतता अंगावर येते हे विसरू नका, पहिल्यापासून गप्प असलेल्या फिल्ममध्ये शेवटी गप्प राहून काही मिळत नाही. आपल्या गोष्टीत पहिली मिनिटं आवाजाने भरून टाका, कुकर, नळ, शेजारची सिरियल, गाडीतली पुढच्या स्टेशनची अनाउन्समेंट. मग सातव्या मजल्यावर काचेआड फक्त एसी. तो एसीचा आवाज तिथेच जाऊन अर्धा मिनिट वेगळा रेकॉर्ड करा, सगळ्यांनी हलायचं नाही, मोबाईल फ्लाइट मोडवर. म्युझिक लावायचंच असेल तर भावना येऊन गेल्यावर लावा, आधी नको. आणि हो, स्टेशनवर परवानगीशिवाय कॅमेरा काढू नका, दोन मिनिटांत हटकतात आणि दिवस जातो, गाडीचा नुसता आवाज वापरून पण भागतं.

शेवटचं, टेस्टिंग. घरच्यांना दाखवू नका, आई तर अजिबात नको, तिला तुमचं नाव टायटलमध्ये बघूनच भरून येतं. ज्यांना गोष्ट माहीत नाही असे चार-पाच लोक बसवा, सोसायटीतला वॉचमन, जिमचा मित्र, कोणी पण, आणि तुम्ही स्क्रीनकडे पाठ करून त्यांच्याकडे बघत बसा. कोण कुठे मोबाईल काढतो, कुठे सरसावून बसतो, ते वेळेसकट लिहा. नंतर "कशी वाटली" विचारू नका, सगळे "मस्त" म्हणतात. विचारा की बाप मार्केटला जायची घाई आहे असं का म्हणाला. उत्तर आलं तर फिल्म चालतेय. नाही आलं तर मुकादमाचा फोन नीट ऐकू येत नाहीये, परत डब करा.