पापा मेयाँ रुसलाय? औषधाची बाटली उघडण्याआधी हे बघा

काळपट लाल, मखमली पाकळ्या आणि खोली भरून टाकणारा वास. असा गुलाब मागितला की नर्सरीवाला बहुतेक वेळा पापा मेयाँच काढून देतो. फ्रान्समधल्या मेयाँ घराण्याने तो १९६३ साली बाजारात आणला आणि घरातल्या आजोबांचं, आंत्वान मेयाँ यांचं, नाव त्याला दिलं. पुढे १९८८ मध्ये जागतिक गुलाब महासंघाने त्याला आपल्या मानाच्या यादीतही घेतलं. वासाच्या बाबतीत या मानाला तो पात्र आहे. पानांच्या बाबतीत मात्र हा नुसता लाडावलेला जावई. ग्लॅडिएटर नावाचा दुसरा लाल गुलाब जे निमूट सोसतो, ते याला एक दिवस खपत नाही. पुण्यातल्या गच्चीवर मी याची तीन रोपं घालवली आणि चौथं टिकवलं. पहिली तीन रोगाने गेली असं मी बरीच वर्षं सांगत होतो. खरं तर ती माझ्या घाईने गेली.

पहिलं रोप तर मातीच्या गोळ्यातच मेलं. आपल्याकडे कलमं लाल चिकट मातीच्या गोळ्यात येतात. गोळा फुटला तर रोप दगावेल या भीतीने आपण तो जसाच्या तसा कुंडीत बसवतो. मग तो वाळून विटेसारखा होतो, पाणी त्याच्या कडेने खाली निघून जातं आणि वरची माती ओली दिसत असताना आतली मुळं तहानलेली राहतात. गोळा अर्धा तास बादलीत बुडवून ठेवा, बाहेरची माती हलक्या हाताने सोडवा आणि मगच लावा. डोळा भरलेली जागा, म्हणजे जिथे कलम जोडलंय ती गाठ, मातीच्या दोन बोटं वर राहू द्या. आणि कुंडी निदान बारा इंची हवी.

आता पानांकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. पान बिघडलं की आपण दुकानात जातो, ‘गुलाबाचं औषध’ मागतो आणि जे मिळेल ते मारतो. त्याआधी कॅलेंडर बघावं. काळे ठिपके हा पावसाळ्याचा रोग. त्याच्या बुरशीला रुजायला पान सलग सातेक तास ओलं राहावं लागतं, आणि जुलैत ते फुकट मिळतं. ठिपक्याची कड विसकटलेली, झालरीसारखी असते. भोवतालचं पान पिवळं पडतं आणि गळतं, सुरुवात खालून होते. भुरी हे याच्या अगदी उलट प्रकरण. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, दिवसा कोरडं ऊन आणि रात्री गारठा असला की कोवळ्या पानांवर, कळीच्या मानेवर पिठासारखा थर बसतो आणि पानं चुरगळतात. भुरीला ओलं पान लागत नाही, उलट पानावरचं पाणी तिला मानवत नाही. थंडीत सकाळी नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने पानं धुतली तरी ती बरीच आटोक्यात राहते. हाच फवारा पावसाळ्यात संध्याकाळी मारला तर काळ्या ठिपक्यांना आपण आमंत्रणच देतो.

तिसरी गोष्ट रोगच नसते. नवी पानं पिवळी, पण शिरा हिरव्यागार, ठिपका एकही नाही. तुमच्याकडे बोअरचं जड पाणी असेल तर हे हमखास दिसतं. चुन्यामुळे मुळांना लोह उचलता येत नाही. इथे बुरशीनाशक मारणं म्हणजे चष्म्याचा नंबर वाढला म्हणून खोकल्याचं औषध घेणं. चिलेटेड लोह, म्हणजे रोपाला सहज उचलता येईल अशा रूपातलं लोह, लिटरला अर्धा ग्रॅम घेऊन फवारा आणि जमेल तेव्हा पावसाचं पाणी द्या.

बुरशीनाशकाबद्दल एक गैरसमज मी स्वतः फार दिवस बाळगला होता: औषधाने ठिपका जाईल. तो जात नाही. मॅन्कोझेब लिटरला दोन ग्रॅम मारलं तर ते धडधाकट पानाला वाचवतं, बिघडलेल्याला दुरुस्त करत नाही. म्हणून ठिपक्यांची पानं खुडायची, कुंडीत पडलेलीही वेचायची, पण कंपोस्टमध्ये टाकायची नाहीत. पावसाने उघडीप दिली की फवारा, पानाच्या खालच्या बाजूनेही. भुरीवर पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम पुरतं, पण ऊन चढल्यावर मारलं तर पानं करपतात. आणि कडुनिंबाचं तेल मारलेलं असेल तर मध्ये दोन आठवडे जाऊ द्या. हातमोजे आणि तोंडाला फडकं हे घरच्या चार कुंड्यांसाठीही लागतंच.

युरियाचा मोह टाळा. चमचाभर टाकला की आठवड्यात रोप लुसलुशीत होतं, आपण खूश होतो, आणि भुरीही. शेणखत आणि निंबोळी पेंड यांवर पापा संथ वाढतो, पण त्याचं पान जाड राहतं.

चौथं रोपही एकदा जायला आलं होतं, ऑक्टोबर छाटणीत. पावसाळ्यात निम्मी पानं गळालेली, त्यात मी कुणाचं तरी ऐकून वीतभर खुंट ठेवले. कापलेल्या टोकापासून फांद्या काळ्या पडत खाली उतरू लागल्या. ही फांदीमर. पानं नसलेल्या रोपाकडे साठाच नसतो, त्याला इतकं कापायचं नाही. हलकं छाटा, प्रत्येक फांदीवर पाच-सहा डोळे राहू द्या. काळी फांदी कापताना आतला गाभा पांढरा दिसेपर्यंत खाली या. तपकिरी दिसला तर अजून खाली. प्रत्येक कापानंतर कात्री स्पिरिटने पुसा आणि जखमेवर कॉपर ऑक्सिक्लोराइडची पेस्ट लावा.

जोमदार हिरवी फांदी तळातून आली की लगेच आनंद मानू नका. सात पानांची म्हणजे जंगली, हा ठोकताळा चुकीचा आहे, चांगल्या गुलाबालाही सात पानं येतात. माती उकरून बघा. डोळा भरलेल्या जागेच्या खालून निघाली असेल तर ती खुंटाची, म्हणजे कलम ज्यावर बांधलंय त्या जंगली रोपाची. कात्री न लावता तळातून ओढून काढा, नाहीतर दुप्पट जोमाने येते.

एप्रिलमध्ये पानं निस्तेज, बारीक ठिपकेदार झाली आणि खाली जाळी दिसली तर तो लाल कोळी. हा कीटक नाही, त्यामुळे माव्याचं औषध त्याच्यावर चालत नाही. पानांच्या खालून दररोज सकाळी जोरात पाणी मारा. त्याच दिवसांत पाकळ्यांच्या कडा काळ्या पडतात, तो मात्र रोग नाही, उन्हाचा चटका आहे. दुपारपुरती हिरवी जाळी बांधा. कळी उमलायला लागली की मी तर सरळ ती तोडून घरात आणतो.