हौशी शोधकाचा व्यवसाय आणि रहस्याचा उलगडा: सौम्य रहस्यकादंबरी लिहिणाऱ्यांसाठी

इंग्रजीत कोझी मिस्टरी या नावाने रुळलेल्या रहस्यकादंबरीत खून पडद्याआड होतो, रक्तपाताची वर्णने टाळली जातात, घटना लहानशा गावात किंवा एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांच्या वर्तुळात घडते आणि छडा लावणारी व्यक्ती पोलीस किंवा पेशाने गुप्तहेर नसते. अमेरिकेत या प्रकाराला मोठा वाचकवर्ग लाभला असून बेकरी चालवणाऱ्या, चहाचे दुकान सांभाळणाऱ्या, गोधड्या शिवणाऱ्या शोधकांच्या लांबलचक मालिका तिथे निघाल्या आहेत. त्यांतील पुष्कळ पुस्तकांत मात्र व्यवसाय मुखपृष्ठावर आणि शेवटी छापलेल्या पाककृतींत दिसतो. उलगड्यात त्याला काही काम नसते. अशी कादंबरी मराठीत लिहू इच्छिणाऱ्याने पहिला निर्णय इथेच घ्यावा. आपल्या शोधकाचा व्यवसाय बदलून दुसरा घातला आणि तरीही कथा तशीच पुढे सरकली, तर तो व्यवसाय केवळ सजावट आहे असे समजून आराखडा पुन्हा मांडावा.

व्यवसाय उलगड्यात कसा उतरतो याची दोन उदाहरणे अभ्यासण्यासारखी आहेत. इंग्रज लेखक जी. के. चेस्टरटन यांचा फादर ब्राउन हा धर्मगुरू-शोधक १९१० साली प्रथम वाचकांसमोर आला. त्या पहिल्याच कथेत धर्मगुरूचे सोंग घेतलेला चोर बोलण्याच्या ओघात मानवी बुद्धीला कमी लेखतो आणि खरा धर्मगुरू असे कधीच बोलणार नाही, कारण ते धर्मशास्त्राला धरून नाही, हे फादर ब्राउन ओळखतो. इथे व्यवसायाने शोधकाला दिलेली गोष्ट म्हणजे विचार करण्याची पद्धत. दुसरे उदाहरण एलिस पीटर्स यांच्या कॅडफेलचे. बाराव्या शतकातील इंग्लंडमधल्या श्रूजबरीच्या मठात वनौषधींची बाग सांभाळणारा हा साधू सांधेदुखीवर चोळण्यासाठी बचनागाच्या जातीतील एका विषारी वनस्पतीचे तेल तयार करतो आणि एका कादंबरीत तेच तेल कुणाच्या तरी जेवणात मिसळले जाते. विष कोणते हे तो चटकन ओळखतो, कारण ते त्याच्याच कार्यशाळेतून गेलेले असते. त्यामुळे त्याचे ज्ञान आणि त्याची जबाबदारी एकाच जागी येऊन ठेपतात, आणि या हौशी माणसाने चौकशीत का पडावे, हा प्रश्न वेगळा उरतच नाही.

हा प्रश्न लेखकाने हलका समजू नये. पोलिसाला चौकशीचा अधिकार असतो, हौशी माणसाला तो व्यवसायातूनच मिळवून द्यावा लागतो. म्हणून व्यवसाय निवडताना तो माणूस कुणाच्या घरात शिरू शकतो, कुणाच्या वस्तू त्याच्या हाती येतात आणि त्याच्यासमोर लोक काय बोलून जातात, हे आधी पाहावे. घड्याळ दुरुस्त करणारा, पत्रिका पाहणारा, देवळात कीर्तन करणारा, जुन्या कागदपत्रांतील मोडी वाचून देणारा, या सर्वांना घरोघरचे दरवाजे उघडे असतात. विचित्र व्यवसाय शोधण्याच्या मागे लागून ज्याचा समाजाशी संबंधच येत नाही असा शोधक निवडला, तर त्याला प्रत्येक प्रकरणात ओढूनताणून घटनास्थळी आणावे लागते.

व्यवसायाची माहिती शक्यतो स्वतःच्या अनुभवातून यावी. पहिल्या महायुद्धाच्या काळात टॉर्की येथील रुग्णालयाच्या औषधविभागात काम करताना अगाथा ख्रिस्ती विषांची प्रमाणे शिकल्या, आणि १९२० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्या कादंबरीतील रहस्य औषधे बनवणाऱ्याला ठाऊक असलेल्या एका साध्या बाबीवर उभे आहे. इंग्रज रहस्यकथालेखिका डॉरोथी सेयर्स यांनी जाहिरात कंपनीत अनेक वर्षे नोकरी केली आणि तिथल्या वातावरणावर १९३३ साली कादंबरी लिहिली. असा अनुभव नसेल तर कारागिराजवळ बसून काम पाहावे, आणि त्याला कामाचे टप्पे विचारण्याऐवजी काम कुठे बिघडते, दुसऱ्याने केलेले काम तो कशावरून ओळखतो आणि गिऱ्हाईक कोणत्या बाबतीत खोटे बोलते, हे विचारावे. टप्पे पुस्तकातही सापडतात, कथेचे धागे मात्र या तीन उत्तरांतच असतात. आपल्याकडे अनेक व्यवसाय जातीशी बांधले गेलेले आहेत, त्यामुळे त्यांच्याकडे कुतूहलाची वस्तू म्हणून पाहणारे लेखन मला अन्यायाचे वाटते. शोधक हा त्या कथेतला सर्वांत बुद्धिमान माणूस आहे, हे प्रत्येक पानावर जाणवले पाहिजे.

आता एक आराखडा सविस्तर पाहू. मिरज हे तंतुवाद्ये घडवणाऱ्यांचे गाव आहे आणि तिथल्या सतार व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. समजा, आपला शोधक तिथला एक वयस्कर तंबोरा-कारागीर आहे. एका गायकाचा मृत्यू होतो आणि महिनाभरापूर्वी ठरल्याप्रमाणे जवारी काढण्यासाठी, म्हणजे तारांखालची घोडी घासून नाद सुधारण्यासाठी, त्याचा तंबोरा नेण्यास कारागीर त्याच्या घरी जातो. तो सवयीने तारा छेडतो आणि पंचम, म्हणजे प या स्वरात लावलेली पहिली तार, किंचित उतरला आहे असे मनाशी म्हणतो. हे वाक्य तिसऱ्या प्रकरणात, इतर चार वस्तूंच्या वर्णनात मिसळून लिहावे. पाचव्या प्रकरणात गायकाचा भाचा सांगतो की, मामा त्या रात्री उशिरापर्यंत मालकंस आळवत होते आणि तो आवाज शेजारच्या खोलीत आपण ऐकला. मालकंस या रागात पंचम वर्ज्य असतो, म्हणजे तो स्वर घेतच नाहीत, आणि त्यासाठी तंबोऱ्याची पहिली तार मध्यमात, म्हणजे म या स्वरात लावतात. म्हणजे एक तर त्या रात्री मालकंस गायला गेला नाही, किंवा नंतर कुणीतरी तंबोऱ्याला हात लावला. दोन्ही शक्यता भाच्याला अडचणीच्या आहेत, कारण खोलीला तेव्हापासून कुलूप होते आणि किल्ली त्याच्याकडे होती, असे त्यानेच सांगितलेले असते. भाच्याला गाणे कळत नाही आणि रागाचे नाव त्याने मामांच्या वहीत वाचले, हे नंतर उघड करता येते.

या आराखड्यातील मुख्य तत्त्व असे की, पुरावा वाचकाच्या डोळ्यांसमोर असतो, फक्त त्याचा अर्थ शोधकाला आधी कळतो. शोधकाने पाहिलेला धागा वाचकापासून लपवू नये, हा इंग्रजी रहस्यकथेतील जुना दंडक आहे आणि इंग्रज रहस्यकथालेखक रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये मांडलेल्या दहा नियमांतही तो आहे. व्यवसायाचे ज्ञान वापरताना तो पाळणे अधिक अवघड जाते, कारण अर्थ लावण्यासाठी लागणारी माहितीही वाचकाला आधीच द्यावी लागते. म्हणून पहिल्याच प्रकरणात कारागीर एखाद्या शिकाऊ मुलाला, अगदी वेगळ्या निमित्ताने, कोणत्या रागासाठी पहिली तार कशात लावावी हे समजावून सांगताना दाखवावा. माहिती आणि पुरावा यांत किमान दोन प्रकरणांचे अंतर असावे. दोन्ही एकाच पानावर आले की चाणाक्ष वाचक तिथेच पुस्तक मिटतो. गायक तार लावण्याच्या बाबतीत काटेकोर होता, हेही आधी एखाद्या प्रसंगातून सिद्ध करावे, नाहीतर जाणकार वाचक अपवाद दाखवून तुमचा उलगडा मोडून काढेल.

खुनी माणसाला व्यवसायाचे अज्ञान असणे सोयीचे असते, पण तीच युक्ती प्रत्येक पुस्तकात वापरता येत नाही. मालिका लिहायची असेल तर दुसऱ्या पुस्तकात खुनी त्याच व्यवसायातला असावा आणि त्याने जाणूनबुजून खोटा धागा ठेवलेला असावा.

पोलिसांना मूर्ख दाखवण्याचा मोह टाळावा. कारागिराचे ज्ञान कुठे पाहायचे ते सांगते, गुन्हा सिद्ध करत नाही, आणि तंबोऱ्याची तार कशात लावली होती हे न्यायालयात टिकणारही नाही, कारण कारागिराने ती छेडलेली आहे. निरीक्षकाने नेमके हेच बोलून दाखवावे आणि त्याचे म्हणणे रास्त असावे. त्यासाठी लेखकाने भाच्याच्या जबाबापूर्वीच, खोलीचे कुलूप नंतर उघडले गेल्याचे दाखवणारी एखादी साधी वस्तू, जसे की किल्ली बनवून देणाऱ्याची तारीख घातलेली पावती, कथेत ठेवून द्यावी, म्हणजे निरीक्षकाला ती जप्त करून पंचनाम्यात नोंदवता येईल.