स्क्रीन रीडरवर पॅकेट कॅप्चर करताय? या चुका टाळा

वायरशार्क (नेटवर्कवरून जाणारी पॅकेट्स, म्हणजे डेटाचे तुकडे, पकडून दाखवणारं टूल) उघडायचं, लाइव्ह कॅप्चर चालू करायचं आणि पळत्या यादीत बाण दाबत बसायचं, नवीन लोक हमखास इथेच अडकतात आणि मग म्हणतात हे टूल आपल्यासाठी नाहीच. अरे, एनव्हीडीए, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणारा आपला स्क्रीन रीडर, एक ओळ बोलेपर्यंत खाली ढीगभर ओळी आलेल्या असतात! आधी फाइलमध्ये पकडा, मग निवांत वाचा.

एका ऑफिसात काही मशीनचं नेट मधूनच जायचं. तिथला मुलगा हुशार, जॉज या स्क्रीन रीडरवर सराईत हात, पण टीशार्कचं (वायरशार्कचंच कमांड लाइनवरचं रूप) आउटपुट थेट टर्मिनलवर सोडून दुपारभर हेडफोन लावून ऐकत बसलेला. नेट गेलं, पण त्या वेळची पॅकेट्स केव्हाच वर सरकून गेलेली आणि फाइल तर नव्हतीच. मग मी डॅश डब्ल्यूने फाइल करायला लावली, कॅप्चर फिल्टर (काय पकडायचं ते ठरवणारा) फक्त यूडीपी पोर्ट ६७ किंवा ६८, म्हणजे निव्वळ डीएचसीपी (मशीनना आयपी पत्ते वाटणारी व्यवस्था), आणि सोबत डॅश क्यू, नाहीतर पॅकेटचा आकडा बदलत राहतो आणि रीडर तोच बडबडत सुटतो. दुसऱ्या खिडकीत आयपी रिलीज करून रिन्यू केला. नंतर तीच फाइल डॅश आरने उघडली, डॅश मोठा टी, फील्ड्स, आणि तीनच रकाने मागितले: वेळ, पाठवणाऱ्याचा आयपी, डीएचसीपी सर्व्हरचा आयडी. मोजक्या ओळी आल्या आणि त्यात ऑफर, म्हणजे पत्ता देऊ करणारी उत्तरं, दोन! एक ऑफिसच्या सर्व्हरची, दुसरी १९२.१६८.०.१ ची. कुणीतरी घरचा वायफाय राऊटर आणून लॅन पोर्टने भिंतीतल्या सॉकेटला जोडला होता, तोच परस्पर पत्ते वाटत होता.

दुसरी चूक कॅपिटल-स्मॉलची. टीशार्कमध्ये मोठा वाय म्हणजे डिस्प्ले फिल्टर (पॅकेट्सपैकी काय दाखवायचं ते ठरवणारा), छोटा वाय म्हणजे लिंक टाइप. छोटा एफ कॅप्चर फिल्टर, मोठा एफ फाइलचा फॉरमॅट. रीडर ओळ सलग वाचतो तेव्हा हा फरक कानाला कळतच नाही, आणि लोक नेटवरून कमांड चिकटवून एंटर मारून मोकळे होतात. मी एंटरआधी एकेक अक्षर बाणाने ऐकतो. वेळ जातो, जाऊ दे.

रंगांच्या मागे लागू नका. डोळस सहकारी "काळी ओळ बघ" म्हणाला की ती बहुतेक बिघडलेल्या टीसीपीची असते, आपण टीसीपी डॉट अ‍ॅनालिसिस डॉट फ्लॅग्ज हा डिस्प्ले फिल्टर लावायचा, साधारण त्याच ओळी उरतात.

"पोर्ट ५३" कॅप्चर फिल्टरला चालतं, डिस्प्ले फिल्टरला नाही, तिथे यूडीपी डॉट पोर्ट, दोनदा बरोबरचं चिन्ह, मग ५३.

विंडोजवर इंटरफेसचं ते लांबलचक नाव टाइप करू नका, डॅश मोठा डीने यादी काढा आणि नुसता नंबर द्या.

आणि मदत मागताना अख्खी कॅप्चर फाइल ग्रुपवर टाकू नका, साध्या एचटीटीपीवरचे पासवर्ड त्यात उघडे असतात. हवी तेवढीच पॅकेट्स फिल्टर करून वेगळ्या फाइलमध्ये काढा, आणि ती एकदा स्वतः ऐकून मगच पाठवा.