ल्युकेमिया आणि निर्विषीकरणाची जनुके: या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

एम.एस्सी. करून ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) प्रयोगशाळेत येणाऱ्या मुलामुलींना मी आधी बेन्झीन, म्हणजे पेट्रोल आणि तंबाखूच्या धुरातले विषारी रसायन, याबद्दल वाचायला सांगते. जनुकांची नावे नंतर पाठ होतात. एका विषाचा शरीरातला प्रवास आधी कळायला हवा. यकृतात सीवायपी२ई१ हे विकर (एन्झाइम) बेन्झीनचे ऑक्सिडीकरण करते, त्यातून पुढे हायड्रोक्विनोन तयार होते. अस्थिमज्जेत त्याचेच बेन्झोक्विनोन बनते आणि ते पेशींना इजा करते. एनक्यूओ१ हे विकर त्याला परत हायड्रोक्विनोन करून ठेवते. या विकराच्या जनुकात ६०९व्या जागी दोन्ही प्रतींत सी या डीएनएच्या अक्षराऐवजी टी असेल, तर हे विकर जवळजवळ कामच करत नाही.

शांघायमधल्या कामगारांच्या १९९७च्या अभ्यासात, सीवायपी२ई१ वेगवान आणि एनक्यूओ१ निकामी असलेल्यांत बेन्झीनच्या विषबाधेचा धोका सुमारे साडेसात पट दिसला. ब्रिटनमधल्या प्रौढ ल्युकेमिया रुग्णांत २००१ साली एनक्यूओ१च्या याच बदलाशी जोडलेली जोखीम निघाली दीडपटीच्या आसपास. पहिल्या अभ्यासात आजार वेगळा होता हे खरे, पण तिथे प्रत्येकाचा बेन्झीनशी संबंध आलेला होता. म्हणून रुग्णाच्या फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात नुसते ‘नोकरी’ लिहून घेऊ नका. पेट्रोल पंप, रंगकाम, चपलांचा डिंक, तंबाखू, आधीची केमोथेरपी असे एकेक विचारा.

आता सगळ्यात महत्त्वाचे: डीएनए कुठून घेतलात? आपल्याला वारशाने आलेला बदल शोधायचा आहे, आणि निदानाच्या वेळी रुग्णाच्या रक्तात बहुतेक पेशी कर्करोगाच्याच असू शकतात. त्यांनी गुणसूत्राचा तुकडा गमावलेला असेल, तर जन्मापासून असलेली प्रत तुम्हाला दिसणारच नाही. गालाच्या आतून घेतलेला नमुना सुरक्षित वाटतो, पण लाळेतही पांढऱ्या रक्तपेशी असतात, आणि त्या कर्करोगाच्या असू शकतात. आजार आटोक्यात आल्यावरचे रक्त किंवा त्वचेपासून वाढवलेल्या पेशी त्यापेक्षा बऱ्या. मज्जा प्रत्यारोपण झाले असेल तर रक्तातला डीएनए दात्याचा, हेही विसरू नका.

जीएसटीएम१ आणि जीएसटीटी१ ही निर्विषीकरणाची आणखी दोन जनुके कित्येकांत पूर्णच गायब असतात; युरोपीय वंशाच्या साधारण निम्म्या लोकांत जीएसटीएम१ नसते. इथे जेलवर बँड (डीएनएचा पट्टा) न दिसणे हेच उत्तर असते, आणि पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याची क्रिया, फसली तरी बँड दिसत नाही. त्याच नळीत प्रत्येकात असणारे अल्ब्युमिनचे जनुक सोबत वाढवा. त्याचा बँड नसेल तर तो नमुना पुन्हा लावा. बँड आला तरी प्रत एक की दोन, हे साध्या जेलवर कळत नाही. त्यासाठी प्रतींचे प्रमाण मोजणारी रिअल-टाइम पीसीआर लागते.

कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी घेतलेले आजार नसलेले लोक, निवडताना मी फार हट्टी आहे. रुग्ण एका प्रदेशातले आणि कंट्रोल दुसऱ्या समाजातले असतील, तर दिसणारा फरक आजाराचा नसून वंशाचा असू शकतो.

आणि रुग्णाचा मुलगा विचारेल, “मॅडम, मलाही होईल का?” एवढ्या छोट्या जोखमीच्या जनुकावरून त्याला भीती घालू नका, या तपासणीने त्याचे किंवा वडिलांचे उपचार बदलत नाहीत. टीपीएमटी आणि एनयूडीटी१५ या जनुकांची गोष्ट वेगळी. त्यांच्यावरून मर्कॅप्टोप्युरीन या ल्युकेमियाच्या औषधाचा डोस ठरतो, तो निकाल त्याच दिवशी डॉक्टरांकडे पोचवा.