तळ्यावर धनुष्य घेऊन जाण्याआधी

दिवाळीच्या सुमारास मलप्रभेचं लाल, गढूळ पाणी निवळतं आणि आमच्या बेळगावकडच्या खानापूर भागातल्या पोरांचे हात मासे मारायच्या धनुष्याकडे वळतात. पण तयारी त्याच्या आठ दिवस आधी लागते. पावसाळाभर घरात टांगलेलं कळकाचं धनुष्य ओल धरतं. दोरी उतरवून ते सावलीत वाळू द्या. दोरीला मेण चोळताना बोटं सावकाश फिरवा. बाण अडकतो त्या जागची गुंडाळी सैल लागली, तर ती दोरी बदलाच. चिव्याचा, म्हणजे बारीक बांबूचा, प्रत्येक बाण डोळ्यासमोर धरून फिरवायचा. चीर गेलेला बाण सुटताना मोडून हातात घुसतो, म्हणून तो तिथंच मोडून टाका. आणि बाण न लावता दोरी ताणून सोडायची नाही, गंमत म्हणूनसुद्धा नाही.

मग गवताच्या भाऱ्यापुढं पाच पावलांवर, मागं कुणी नाही हे बघून, डोळे मिटून रोज दहा बाण. नेम धरायला काही नसलं की मन आपोआप हाताकडे येतं. तर्जनी दर वेळी ओठाच्या त्याच कोपऱ्याला टेकली पाहिजे. माझ्या बोटाला गालाच्या कातड्यातून सुळ्याची कड लागते. ती लागल्याशिवाय मी बाण सोडत नाही. इथं बोटभर फरक पडला तर वीस पावलांवर बाण वीतभराहून जास्त सरकतो. श्वास अर्धा सोडून थांबा. खांदा थरथरायला लागला की त्या दिवसाचा सराव संपला, कारण दमलेला हात चुकीचीच सवय लावून घेतो.

पाण्यावर मात्र डोळाच फसवतो. अर्जुनानं पाण्यातलं बिंब बघून वरचा मासा वेधला; आपल्याला वरून बघून पाण्याखालचा वेधायचा आहे, आणि तो दिसतो तिथं नसतो. चार फूट खोल असलेला मासा अगदी सरळ वरून पाहिला तरी तीन फुटांवरच दिसतो. नजर तिरकी असेल तर तो आणखी वर उचलल्यासारखा वाटतो. म्हणून बाण दिसणाऱ्या माशाच्या खाली. हे वाचून कळतं, पण हाताला पटत नाही. त्यासाठी नारळ सुतळीनं दगडाला बांधून पाण्यात सोडा आणि त्यावर मारत राहा. माझे पहिले सगळे बाण नारळाच्या वरून गेले होते. फार तिरका बाण मारू नका, तो पाण्यावरून उसळून समोरच्या काठावर जातो. सराव मातीच्या तळ्यातच करा. प्लास्टिक घातलेल्या शेततळ्यात एक बाण चुकला तरी मालकाचं तळं गळायला लागतं.

माशासाठीचा बाण जड, बिनपिसांचा, आकडेवाला. त्याला बांधलेला दोर धनुष्याच्या पुढच्या बाजूनं मोकळा सुटतो ना, हे दर बाणाला बघायचं. एकदा माझ्या मनगटाला त्याचा वेढा बसला होता. बाण झटक्यानं अडला आणि उलटा फिरून माझ्या कानाजवळून गेला. तेव्हापासून मी दोर स्वतः हातानं मोजून टोपलीत सोडतो, दुसऱ्या कुणाला सोडू देत नाही.

जागाही आधी ठरवा. राकसकोप धरणाचं पाणी बेळगाव शहर पितं, तिकडे नकोच. भीमगड अभयारण्यात परवानगीशिवाय हत्यार नेता येत नाही. नदीवर किंवा धरणावर जायचं तर मत्स्य खात्यात विचारून घ्या, खासगी तळं असेल तर मालकाला. सकाळी लवकर पोचा, पाण्यावरची चमक कमी करणारा चष्मा लावा आणि आपली सावली पाण्यावर पडणार नाही असं उभं राहा. सूर्य पाठीशी असला की नितळ दिसतं खरं, पण सावली पडताच मासा पांगतो.

मरळ हवा घ्यायला वर येते तेव्हा नेम सोपा वाटतो. बाण लावण्याआधी तिच्या आसपास नीट बघा. बारीक पिल्लांचा घोळका तिच्याबरोबर हलत असेल, तर धनुष्य खाली ठेवा. ती त्यांची राखण करत असते.