हेमकुंडला जाताना सॅकमध्ये एक कोरडा टी-शर्ट ठेवाच

उत्तराखंडातल्या घांघरिया गावाहून हेमकुंड साहिब गुरुद्वाऱ्याचा आणि तिथल्या तळ्याचा चढ सहाएक किलोमीटरचा, पण तेवढ्यात हजार मीटरहून जास्त उंची चढावी लागते. अंग घामाने चिंब होतं. वर, ४,३०० मीटरच्याही वर, तळ्याकाठी दोन मिनिटं टेकलं की तोच ओला कपडा पाठीला बर्फासारखा चिकटतो आणि हुडहुडी भरते. वरून कितीही जाड जॅकेट घाला, ती जात नाही.

१. लवकर वाळणारा एक जादा टी-शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून न्या. सुती नको, सुती ओलं झालं की वाळतच नाही.
२. चढताना जॅकेट काढून सॅकमध्येच ठेवा.
३. वर पोहोचल्यावर बसायच्या आधी, फोटोच्याही आधी, आडोशाला जाऊन आतला कपडा बदला. मग जॅकेट, कानटोपी.
४. त्यानंतर गुरुद्वाऱ्यातल्या लंगरचा गरम चहा घ्या. आता तो खरंच अंगी लागतो.

पायमोज्यांचा एक जादा जोडही त्याच पिशवीत मावतो.

मात्र डोकं ठणकत असेल, मळमळत असेल, तर तो थंडीचा त्रास समजू नका. विरळ हवेचा आहे. तळं दिसायचं राहिलं तरी चालेल, लगेच खाली उतरा.