शिमगा झाला, आता कामं काढू म्हणणाऱ्यांसाठी

फाल्गुन लागला की इकडे कोकणात नव्याने राहायला आलेल्यांचे फोन सुरू होतात. "थंडी सरली, आता घराचं काढतो. पाडव्याला आंब्याची पंचवीस कलमं लावून टाकतो." मी साताऱ्याकडचा. 2011 साली गुहागर तालुक्यात जुनं कौलारू घर आणि त्यामागचा उतार घेतला, तेव्हा मीही शब्दशः हेच बोललो होतो. वाडीत माझी ओळख अजून 'घाटावरचे' हीच आहे. पण पडायचं तिथे सगळीकडे पडून झालंय, म्हणून सांगतो.

पहिलं म्हणजे इथलं वर्ष मृगाला, सात-आठ जूनला सुरू होतं. चैत्र-वैशाख हे आदल्या वर्षाचं शेपूट. या दिवसांत काढलेलं काम संपवायचं असतं आणि आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, बेगमी करायची असते. तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो इथे, तोही बहुतेक चार महिन्यांत. त्याच्यापुढे अर्धवट काम टिकत नाही.

शिमग्याच्या दिवसांत माणूस मिळणार नाही. प्रत्येक गावाच्या पालखीचे दिवस वेगळे, तेव्हा आपल्या गावचे विचारून ठेवा. मुंबईचे चाकरमानी घरी आलेले असतात, गवंडी-सुतारही पालखीबरोबर असतात. त्यावर चिडणारे आपल्यातले काही लोक मला माहीत आहेत. चिडून काही होत नाही. अंगण झाडून घ्या, पालखी दारात आली की ओटी भरा, चार माणसं ओळखीची होतील आणि त्यातूनच पुढे कामाला माणूस मिळेल. शिमगा संपला की आंब्याचा हंगाम, मग तीच माणसं आंबे काढायचे झेले घेऊन झाडावर. तुम्ही विचारलंत आणि समोरचा "बघतो" म्हणाला, तर तो नाही म्हणाला असं समजा. तोंडावर नाही म्हणणं इथे उद्धटपणाचं मानतात. हे कळायला मला तीन वर्षं लागली.

आता छपराचं. हे दोनदा वाचा.

2021 च्या मार्चअखेर मी कौलं उतरवायला घेतली. सुताराने कौलांखालची एक रीप अंगठ्याने दाबून दाखवली, अंगठा आत गेला आणि वाळवीची माती भुरूभुरू खाली सांडली. वरून रंग चांगला होता. तो म्हणाला, एकेक पाखं, म्हणजे छपराची एकेक उतरती बाजू, करू. मला हिशेब सुचला की सगळं एकदम उतरवलं तर मजुरी वाचेल. उतरवलं. एप्रिलमध्ये कोरोनाचे निर्बंध आले, विजापूरकडचे मजूर गावी गेले, लाकूड वखारीत अडकलं, सुताराच्या घरी आजारपण. मी ताडपत्री बांधून बसलो, पावसाला अजून दोन महिने आहेत म्हणत. सोळा मे रोजी तौक्ते वादळ किनाऱ्याला समांतर वर सरकलं. दुपारपर्यंत ताडपत्रीच्या चिंध्या माडाला लटकत होत्या. जुन्या घरातले चिरे, म्हणजे जांभ्या दगडाचे ठोकळे, मातीत बसवलेले असतात, हे मला ठाऊक होतं, पण त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. माजघराची मागची भिंत रात्रभर पाणी प्यायली आणि सकाळी गुळाची ढेप विरघळावी तशी खाली बसली. दीड लाखाचं काम साडेचार लाखांवर गेलं, आणि तो पावसाळा आम्ही पडवीत काढला.

तेव्हा एका वेळी एकच पाखं. लाकूड, कौलं, खिळे अंगणात येऊन पडल्याशिवाय एकही कौल हलवायचं नाही. आणि तारीख सात जूनची धरू नका, पंधरा मेची धरा. 2025 साली तर मोसमी पाऊस 26 मेलाच मुंबईत पोचला होता.

सिमेंटचं काम असेल तर मार्चमध्येच उरका. निदान सात दिवस भिंतीवर पाणी मारावं लागतं आणि एप्रिलनंतर विहीर तळाला जाते. चिरा पावसाआधी आणून ठेवा, पुढे खाणींत पाणी भरतं. विहिरीतला गाळ काढायचा तर मेमध्ये. सातबारा, सामायिक नावं, हे सगळं वकिलाला विचारा.

कलमांबद्दल. पाडव्याला लावू नका. मी वीस लावली होती, मेअखेर चार उरली, आणि त्या चारांना पाणी घालून विहिरीने राम म्हटला. चैत्र-वैशाखात फक्त खड्डे काढा, एक मीटर लांब, रुंद, खोल, आणि उन्हात तापू द्या. पावसाआधी चांगली माती आणि शेणखत घालून भरून ठेवा. पाऊस स्थिरावला की लावा. खाली कातळ लागला तर त्या खड्ड्यापुरतं तरी आमच्याकडच्या काळ्या मातीची आठवण काढून रडायला हरकत नाही. हापूसला पारंपरिक लागवडीत 10 मीटर अंतर ठेवतात, नारळाला साडेसात. रोप हातभर असताना ते वेडेपणाचं वाटतं. मधे आणखी एक रांग घुसवायचा मोह होतो. घुसवू नका.

कलमं दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेतून किंवा खात्रीच्या ठिकाणाहून घ्या, रस्त्याकडेच्या टेम्पोतून नको. हापूसच्या जोडीला थोडी रत्ना, केसर असू द्या. हापूसमधला साका, म्हणजे फळाचा गर आतून खराब होणं, रत्नामध्ये होत नाही, ती याच विद्यापीठाची जात आहे. कलमाचा जोड मातीच्या वर राहिला पाहिजे. जोडाखालून धुमारा फुटला की लगेच काढायचा. एका कलमावर असाच जोमदार धुमारा आला, मी कौतुकाने तीन वर्षं वाढवला, शेजारच्या काकूंना दाखवलाही. त्या म्हणाल्या, "भाऊ, रायवळ झक्कास वाढवलात." म्हणजे कलम सोडून मी खालचं साधं गावठी झाड पोसलं होतं.

गवत वाळलंय. शेजारी भाजावळ करतात, म्हणजे पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळतात, वारा फिरला की वणवा आपल्याकडे येतो. घराभोवती आणि नव्या झाडांभोवती आत्ताच गवत काढून पट्टा मोकळा करा. पालापाचोळा जाळू नका, झाडाच्या आळ्यात घाला. मात्र शेणखताचा उघडा ढीग माडाजवळ नको, गेंड्या भुंगा त्यातच वाढतो.

कंपाउंड वॉल हा आपल्या शहरी लोकांचा रोग आहे. विकत घेतलं की आधी भिंत. आमच्या वाडीत असंच एकांनी पऱ्याच्या, म्हणजे पावसाळी ओढ्याच्या, वाटेवर सहा फुटी भिंत घातली. जुलैत पाणी त्यांच्याच स्वयंपाकघरातून गेलं, आणि पाखाडी, म्हणजे वाडीची पायवाट, बंद झाली म्हणून वाडी दोन वर्षं बोलत नव्हती ते वेगळंच. चिऱ्याचा गडगा, म्हणजे नुसते दगड रचलेलं कुंपण, घाला, पाणी त्याच्या फटींतून निघून जातं, आणि माणसांसाठी बेडं, म्हणजे येण्याजाण्याचं साधं फाटक, ठेवा. लॉनबद्दल बोलायची माझी इच्छा नाही.

सुकी लाकडं, शेणी मेच्या पहिल्या आठवड्यात पडवीत रचून घ्या. गॅस असला तरी. पावसात वीज जाते, रस्ता जातो, सिलिंडरची गाडी येत नाही.

आणि हात शिवशिवतच असतील, तर विहिरीजवळ लाल माठाचा एक वाफा करा. रोज दोन बादल्या पाणी, महिन्याभरात भाजी. वानर आलेच तर नुकसान तेवढंच.